आउटबोर्डचं जाम झालेलं कव्हर: बोल्ट न तोडता कसं उघडायचं

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिकी मासेमारी बंद असते. फायबरच्या होड्या वर ओढल्या जातात आणि होडीच्या मागे बाहेरून लावलेली आउटबोर्ड मशीनं उतरवून पडवीत नाहीतर खोपीत उभी केली जातात. ठेवण्याआधी मशीन गोड्या पाण्यात चालवलेलं असेल तर काळजी नाही. तसं झालं नसेल, तर पाण्याच्या वाटांमध्ये उरलेलं खारं पाणी आतच सुकतं आणि मिठाचा थर धरतो. मग ऑगस्टात मशीन सुरू केल्यावर मागच्या भोकातून येणारी पाण्याची धार बारीक दिसते, थोड्या वेळाने ताप वाढल्याचा बझर वाजतो. थर्मोस्टॅट, म्हणजे मशीन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, काढून बघू म्हणून पाना लावावा, तर कव्हरचे बोल्ट जागचे हलत नाहीत.

मशीनचं मोठं नुकसान होतं ते बहुतेक वेळा या टप्प्यावर, पान्याला पाइप लावून जोर केल्यामुळे. हा लेख त्यासाठीच लिहिला आहे. वरचं मोठं कव्हर अडकलं तर काय करायचं हे आधी थोडक्यात सांगतो. खरा वेळ जातो तो आतल्या थर्मोस्टॅट कव्हरवर, त्यामुळे तिथे सविस्तर बोलू. एक्झॉस्ट कव्हर, वॉटर जॅकेटचं कव्हर, खालच्या इंपेलरचं (पाणी वर ढकलणाऱ्या रबरी चक्राचं) घर या सगळ्यांना तीच पद्धत चालते.

कामाला हात लावण्यापूर्वी एक क्रम मनाशी पक्का करा. बोल्ट काही रुपयांचा असतो. कव्हर त्याहून महाग, पण मागवलं तर मिळतं. इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे गेले किंवा ब्लॉकचा कान (बोल्ट बसतो तो उंचवटा) फुटला, तर खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. म्हणून वेळ आलीच तर बोल्ट घालवायचा, अगदीच नाइलाज झाला तर कव्हर घालवायचं, ब्लॉकला मात्र धक्का लागू द्यायचा नाही. पुढची प्रत्येक पायरी याच हिशोबाने दिली आहे.

जाम का होतं

ब्लॉक आणि कव्हर अॅल्युमिनियमचं, बोल्ट स्टेनलेसचा. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीक विद्युतप्रवाह सुरू होतो आणि त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम. झिजून त्याची पांढरी पावडर होते. ही पावडर मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे आट्यांच्या फटीत ती दाबून बसते. बोल्टच्या डोक्याभोवती पांढरी पावडर दिसली, की आत काय झालंय ते कळतं.

म्हणजे बोल्ट धरून ठेवणाऱ्या दोन गोष्टी आहेत, मीठ आणि ही पावडर. मीठ गोड्या पाण्यात विरघळतं, पावडर विरघळत नाही. पावडरीची पकड सोडवायला तेल, ठोका आणि उष्णता असे तीन उपाय आहेत, आणि ते आलटून पालटून करावे लागतात. एकाच उपायावर भर देणारा माणूस शेवटी बोल्ट तोडतो.

सुरू करण्यापूर्वी

मशीन होडीवरून उतरवून किनाऱ्यावर, उघड्या जागी, स्टँडला किंवा भक्कम फळीला लावा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती होडीच्या तळाशी साचून राहते. ज्या कामात हीट गन लागणार आहे ते काम होडीत करूच नका. पेट्रोलची नळी सोडवून टाकी लांब ठेवा आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेलं पेट्रोल काढून टाका. बॅटरी असेल तर आधी तिची काळी वायर काढा, मग लाल. किल स्विचची दोरी काढा, स्पार्क प्लगच्या टोप्या काढा. एवढं झाल्यावर फ्लायव्हील हाताने फिरलं तरी मशीन सुरू होण्याची भीती राहत नाही.

साधनं फार लागत नाहीत. सहा कोनी गोट्यांचा (सॉकेटचा) चांगला सेट, लहान टी-हँडल, हातोडीने ठोकून चालवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर, अर्धा पौंडाची हातोडी, नायलॉनची किंवा रबरी हातोडी, तारेचा ब्रश, हीट गन आणि आट्यात शिरणारं तेल. गोटी सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी फक्त कोपऱ्यांवर धरते आणि गंजलेलं डोकं लगेच गोल करून टाकते. लहान मशीनच्या थर्मोस्टॅट कव्हरला बहुधा एम-६ (६ मिमी जाडीचे) बोल्ट असतात, त्यांना १० ची गोटी बसते. एम-८ बोल्टला मशीनप्रमाणे १२ किंवा १३ ची. १२ च्या डोक्यावर १३ ची गोटी ढिली बसते, आणि तशा ढिल्या गोटीने जोर करण्यापेक्षा त्या दिवशी काम न केलेलं बरं.

वरचं मोठं कव्हर निघत नसेल तर

इथे दोनच शक्यता असतात. एकतर कडी गंजली आहे, नाहीतर खालचं रबर चिकटलं आहे. मागची आणि पुढची अशा दोन कड्या आहेत का ते आधी बघा. पुष्कळदा एकच कडी उघडून माणूस दुसऱ्या बाजूने ओढत राहतो.

कडी हलत नसेल तर तिच्या पिनेवर तेल मारा, अर्धा तास थांबा, मग एका माणसाने कव्हर वरून खाली दाबावं आणि दुसऱ्याने कडी फिरवावी. दाबल्यामुळे हुकावरचा ताण जातो आणि कडी सुटते. हा उपाय इतका सोपा आहे की तो सुचतच नाही. तरीही सुटली नाही, तर खालच्या तबकात वायरी आणि केबली आत जातात तिथलं रबर काढून बघा. बऱ्याच मशीनांत तिथून वाकवलेल्या तारेने हुक ढकलता येतो.

रबर चिकटलं असेल तर जोडाच्या रेषेवर कोमट साबणाचं पाणी सोडा आणि कव्हर पुढे-मागे, मग बाजूला असं हलवत सोडवा. पेचकस घालून उचकटू नका. कव्हर फायबरचं किंवा प्लॅस्टिकचं असतं, त्याची कड एकदा तुकडा होऊन गेली की तिथून कायम पाणी आत येतं. रबरावर पेट्रोल किंवा रॉकेल ओतणाऱ्यांनाही तेच सांगणं आहे, रबर फुगतं आणि पुन्हा नीट बसत नाही. कव्हर निघाल्यावर रबराला सिलिकॉनचं वंगण आणि कड्यांना ग्रीस लावा.

थर्मोस्टॅट कव्हर: पहिला दिवस पान्याचा नाही

कव्हरभोवतीचा रंग, मीठ, पांढरी पावडर तारेच्या ब्रशने खरवडून काढा. डोक्याखालची रेष उघडी पडली पाहिजे, नाहीतर तेल आत जाणार कुठून? खरवडतानाच बोल्ट मोजा. रंगाचे जाड थर बसलेल्या मशीनवर एखादा बोल्ट रंगाखाली दडलेला असतो आणि तो राहिला म्हणून कव्हर फुटतं.

मग वायरिंग प्लॅस्टिकने झाकून बोल्टांवर कढत गोडं पाणी हळूहळू ओता, किटलीभर संपलं की पुन्हा. यात मीठ सुटतं आणि धातू थोडा गरमही होतो. पाणी पुसून, वाळवून तेल लावा. डब्ल्यूडी-४० सगळीकडे मिळतं, पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेलं आहे. नावातला डब्ल्यूडी त्याचाच. जाम बोल्टसाठी म्हणून जे पातळ पेनेट्रेटिंग तेल मिळतं ते घ्या. मिळालं नाही तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि अॅसिटोन समप्रमाणात मिसळून वापरतात, तेही चांगलं चालतं. ते ज्वालाग्राही आहे आणि रंग खातं, म्हणून थेंबाथेंबाने डोक्याखालीच सोडा.

तेल लावल्यावर प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके पण टणक असे दहा-पंधरा ठोके द्या. एक जोरदार ठोका नको, तो ओतीव धातूला तडा देतो. छोट्या ठोक्यांनी पावडर आत तडकते आणि तेलाला वाट मिळते. संध्याकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके. रात्रभर तसंच राहू द्या. हंगाम सुरू होताना एक दिवस थांबणं जिवावर येतं हे मला कळतं, पण ब्लॉकमध्ये तुटलेला बोल्ट काढायला त्याहून पुष्कळ जास्त दिवस जातात.

पाना लावताना हाताला काय कळतं

दुसऱ्या दिवशी गोटी पूर्ण खाली बसवा, टी-हँडल धरा आणि आधी घट्ट करायच्या दिशेने अगदी किंचित दाब द्या. केसभर हाललं तरी पुरे. त्या हालचालीने पावडरीची पकड मोडते. त्यानंतर सोडायच्या दिशेने, झटका न देता दाब वाढवत जा.

इथे हाताकडे लक्ष द्या. बोल्ट सुटतो तेव्हा एक छोटा ‘टक्’ जाणवतो आणि पुढे फिरणं एकसारखं जड राहतं. तो तुटायच्या बेतात असतो तेव्हा वेगळंच होतं. पाना फिरतो, टक् होत नाही, आणि हात सैल सोडला की पाना जरासा मागे येतो. म्हणजे आटे सुटलेले नाहीत, बोल्टच्या दांड्याला पीळ बसतोय. एम-६ बोल्टमध्ये या पिळापासून तुटण्यापर्यंतचं अंतर फार थोडं असतं. पाना मागे आला की त्याच क्षणी थांबा. लांब पान्यात ही जाणीव हरवते, म्हणूनच लहान टी-हँडल.

टक् झाला तरी एका दमात बाहेर काढू नका. पाव फेरा बाहेर, तेल, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. कुरकुर आवाज आला किंवा फिरवणं अधिकच जड झालं, तर मागे फिरा. आट्यांत अडकलेली पावडर या ये-जा करण्यानेच बाहेर येते. घाईने ओढलेला बोल्ट ब्लॉकचे आटे सोबत घेऊन येतो.

क्रॉस डोक्याचे स्क्रू असतील तर आधी इम्पॅक्ट ड्रायव्हरच वापरा. जपानी मशीनांत पुष्कळदा जेआयएस (जपानी मानक) मापाची खाच असते, दिसायला फिलिप्ससारखीच, पण साधा फिलिप्स पेचकस त्यात पूर्ण टेकत नाही आणि वर उसळतो. जेआयएसचं टोक स्वस्तात मिळतं, ते पेटीत ठेवाच.

न हलल्यास उष्णता

अॅल्युमिनियम तापल्यावर स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. दर अंश सेल्सिअसला अॅल्युमिनियम साधारण दशलक्षात २३ भाग वाढतं, स्टेनलेस १६-१७, साधं लोखंड १२. म्हणजे बोल्टभोवतीचं ब्लॉक गरम केलं की भोक मोठं होतं आणि पकड ढिली पडते. गरम करायचं ते बोल्टच्या भोवतीचं अॅल्युमिनियम, बोल्टचं डोकं नाही.

आधीचं तेल कापडाने पुसून काढा. ब्रेक क्लीनर मारून स्वच्छ करायचा मोह टाळा. त्यातल्या काही प्रकारांत क्लोरीनयुक्त द्रव असतो आणि तो तापला की अत्यंत विषारी वायू तयार होतो. हीट गन एका जागी न धरता गोल फिरवत पाच-सात मिनिटं द्या. पाण्याचा थेंब टाकल्याबरोबर चुरचुरून उडाला की पुरे झालं. आता आत-बाहेर असा हलका प्रयत्न करा. नाही सुटला तर बोल्टच्या मुळाशी मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण फटीतून आत ओढलं जातं आणि आट्यांना वंगण मिळतं. मग हात लावता येईल इतपत आपोआप निवू द्या, तेल सोडा, ठोके द्या, पुन्हा तापवा. तिसऱ्या-चौथ्या फेरीत बहुतेक बोल्ट सुटतात. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी मात्र कधीही ओतू नका, तडा जातो.

गॅसच्या ज्योतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सवय नसेल तर नको. लोखंड तापलं की लाल होतं, त्यावरून अंदाज येतो. अॅल्युमिनियम रंग बदलत नाही. शुद्ध अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, ओतीव मिश्रधातू त्याच्याही आधी, आणि डोळ्यांना काहीच न कळता कान खाली गळून पडतो.

बोल्ट निघाले, कव्हर निघेना

पॅकिंग चिकटलेलं असतं. रबरी हातोडीने कव्हरच्या बाजूंवर आळीपाळीने ठोका, वरून नाही. नळी बसते त्या नळकांड्यावर ठोकू नका आणि ते धरून ओढूही नका, ते तिथल्या तिथे मोडतं. कव्हरच्या कडेला उचकटण्यासाठी मुद्दाम ठेवलेला ओठ असेल तर पेचकस फक्त तिथे लावायचा. नसेल तर पातळ पट्टीचा चाकू पॅकिंगच्या रेषेत हलकेच ठोकून चारी बाजूंनी फिरवा. दोन पृष्ठभागांच्या मध्ये पेचकस घातला की अॅल्युमिनियमवर जो ओरखडा उठतो, त्यातून नवं पॅकिंग घालूनही पाणी झिरपत राहतं.

बोल्ट तुटलाच तर

डोकं तुटलं म्हणून घाबरू नका. उरलेले बोल्ट काढा, कव्हर उचला. आता कव्हरच्या जाडीइतका दांडा ब्लॉकमधून वर उभा दिसेल. शिवाय डोकं गेल्यामुळे बोल्टवरचा ताणही गेलेला असतो. म्हणूनच एखादं डोकं गोल झालं असेल, तर त्याच्याशी झगडत बसण्यापेक्षा मुद्दाम ड्रिल करून ते उडवणं शहाणपणाचं ठरतं. बोल्ट गेला, ब्लॉक शाबूत राहिलं.

उभ्या दांड्याला तेल, उष्णता, ठोके या फेऱ्या पुन्हा द्या आणि ग्रिप प्लायरने आत-बाहेर करत काढा. पकड बसत नसेल तर वेल्डरकडून दांड्यावर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगच्या उष्णतेने बोल्ट बहुधा सुटतोच. वेल्डिंगआधी बॅटरी पूर्ण अलग करा, सीडीआय किंवा ईसीयूचे (मशीनच्या इलेक्ट्रॉनिक पेटीचे) कनेक्टर काढा आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावायला सांगा.

ब्लॉकच्या पातळीला तुटला असेल तर ड्रिलशिवाय मार्ग नाही, आणि हे काम ड्रिल प्रेस असलेल्या कारागिराने करावं असं मला वाटतं. स्वतः करणार असाल तर तुटलेली बाजू कानशीने सपाट करा, बरोबर मध्यावर पंच मारा आणि कोबाल्टचं ३ चं ड्रिल कमी वेगाने, घट्ट दाबून, तेल सोडत चालवा. वेगाने नुसतं घासलं तर स्टेनलेस अजूनच कडक होतं. मध्य चुकला की ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे सरकतं आणि परतीचा मार्ग राहत नाही. उलट्या दिशेने कापणारं ड्रिल मिळालं तर उत्तम, कारण कधी कधी बोल्ट त्यालाच अडकून बाहेर येतो. एम-६ मध्ये ईझी-आउट (तुटलेला बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा) घालू नका. तो बारीक असतो, ठिसूळ असतो, आत तुटतो, आणि त्याच्या कडक पोलादात साधं ड्रिल शिरत नाही. त्याऐवजी ५ मिमीपर्यंत भोक वाढवा, उरलेली आट्यांची गुंडाळी सुईने उचकटा आणि एम-६ चा, १ मिमी पिचचा टॅप फिरवा. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्या. नीट बसवलेला हेलिकॉइल मूळ आट्यांपेक्षा कमी नसतो.

परत बसवताना

उघडलंच आहे तर आतलं मीठ प्लॅस्टिकच्या किंवा लाकडाच्या पट्टीने काढा. थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात टांगून पाणी तापवा. साधारण ५० ते ६० अंशांच्या आसपास तो उघडायला हवा, नेमका आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. उकळी येईपर्यंत उघडला नाही तर नवीन घ्या. काही फोर-स्ट्रोक मशीनांत अशाच कव्हरांमागे लहान झिंक बसवलेले असतात. ते अर्ध्याहून जास्त खाल्ले गेले असतील तर बदला, कारण झिंक संपला की झिजायची पाळी ब्लॉकची येते.

जुनं पॅकिंग पुन्हा वापरू नका. टॅप फिरवून आटे साफ करा आणि भोकातली घाण हवेने उडवा. नवे बोल्ट त्याच लांबीचे घ्या. लांब बोल्ट तळाला टेकतो, आखूड बोल्ट आटे खातो. आट्यांना पाण्यात टिकणारं मरीन ग्रीस लावा. तांब्याची पूड किंवा ग्रॅफाइट असलेलं अँटी-सीझ अॅल्युमिनियमच्या आट्यांत नको, खाऱ्या पाण्यात ते झीज वाढवतं. ग्रीस आट्यांवर लावायचं, भोकात भरायचं नाही. बंद भोकात ग्रीस साचलं की बोल्ट आवळताना त्याचा दाब कान फोडू शकतो. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने, दोन टप्प्यांत आवळा. मशीनच्या पुस्तकातलं माप पाळा. एम-६ साठी ते बहुधा ८ ते १० न्यूटन-मीटर असतं, म्हणजे लहान टी-हँडलवर मनगटाचा जोर, खांद्याचा नाही.

आता प्रोपेलर काढून मशीन गोड्या पाण्याच्या बॅरलमध्ये उभं करा. पाणी इंपेलरच्या बरंच वर असू द्या, कोरडा इंपेलर काही सेकंदांत जळतो. न्यूट्रलमध्ये दहा-पंधरा मिनिटं चालवा. धार जोरात येतेय ना, ती आधी गार आणि मग कोमट होतेय ना, हे हात लावून बघा, आणि कव्हरच्या कडेने कोरडं बोट फिरवा. बोट ओलं झालं तर मशीन बंद करून पूर्ण निवू द्या, मगच बोल्टांचं माप पुन्हा तपासा. गरम मशीनवर आवळू नका.